तीन जणांना विचारून या

त्यांनी आख्ख्या आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली आणि ती नेमकी माझ्या टेबलावर येऊन पडली. मागितली म्हणजे काय, तर एक खुर्ची. बिनपगारी, तीन महिन्यांतून एकदा बसायची, तीही हॉलमधल्या खांबाच्या मागची. एवढ्याशा गोष्टीपायी आठवडाभर माझं जेवणात लक्ष नव्हतं हे आज कुणाला सांगितलं तर लोक हसतील. हसू देत.

नाव मी सांगणार नाही. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना गेटवाले म्हणायचे आणि तोंडावर सर. मीही सरच म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांची. आमच्या डोंबिवलीत चोवीस वर्षांच्या मुलीला कुणी बाई म्हटलं की तिचं डोकं फिरतं. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, फायलीवर सही करता ना, मग बाईच.

आमचं ऑफिस ठाण्यात. कौशल्य प्रशिक्षण प्राधिकरण हे भारदस्त नाव. काम एवढंच की जिल्ह्यात जिथे जिथे वेल्डिंग, वायरिंग, शिवण, फिटरचं काम शिकवतात त्या केंद्रांवर लक्ष ठेवायचं. पण कुठला वर्ग चालू ठेवायचा आणि कुठला बंद करायचा ते ऑफिस ठरवत नाही, मंडळ ठरवतं. मंडळात अकरा जण. कारखानदारांच्या बाजूचे, कामगारांच्या बाजूचे, केंद्रांचे, सरकारी अधिकारी, आणि यादीत अगदी शेवटी शिकणाऱ्यांच्या वतीने एक. ज्याची त्याची संघटना किंवा संस्था नाव पाठवते, आमचं ऑफिस त्या नावाची खातरजमा करतं आणि मग वरून नेमणुकीचा आदेश निघतो. खातरजमा म्हणजे बाकीच्या जिल्ह्यांत एक रबरी शिक्का. आमच्याकडे शिक्का होता, पण तो गेटवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये कंगव्यांच्या खाली असायचा.

हो, कंगव्यांच्या खाली. माणसाच्या डोक्यावर औषधाला केस नाही आणि ड्रॉवर उघडला की कंगवेच कंगवे. लाल, हिरवे, काळे, बारीक दातांचे, जाड दातांचे. त्याखेरीज सेफ्टी पिना, भांडी घासायच्या काथ्या, नाड्यांची बंडलं. मी रुजू झाले त्या आठवड्यात मला वाटलं म्हातारा घरी काहीतरी जोडधंदा करतो. नंतर कळलं ती सगळी गेटावरची खरेदी.

त्यांची पद्धत अशी. समजा कामगारांच्या वतीने कुणा एकाचं नाव आलं. गेटवाले फाइल बंद करायचे, शबनम खांद्याला लावायचे आणि तो माणूस ज्यांच्या वतीने बसणार त्यांच्या गेटावर जाऊन उभे राहायचे. शिफ्ट सुटायच्या वेळी. तिथे गेटाबाहेर कुणी ना कुणी चादर अंथरून काहीबाही विकत असतोच. त्याच्याकडून एक कंगवा घ्यायचा आणि घेता घेता शेजारच्याशी बोलणं काढायचं. नुसतं उभं राहून विचारलं तर लोक पोलिस समजतात किंवा वसुलीवाला समजतात, असं त्यांचं म्हणणं. तीन वेगवेगळ्या माणसांना तीन प्रश्न. अमुक गृहस्थांना ओळखता का? शेवटचे कधी भेटले? आणि त्यांनी तुम्हाला काय विचारलं?

तिसरा प्रश्न ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. मी म्हटलं, सर, काय सांगितलं असं विचारायचं असेल तुम्हाला. तर म्हणाले, सांगणारे गल्लोगल्ली पडलेत, बाई. तुमच्या वतीने बोलायचं तर आधी तुम्हाला काहीतरी विचारावं लागेल की नाही?

तिघांपैकी दोघांनी ओळखलं पाहिजे हा नियम. नियम म्हणजे त्यांचा, सरकारचा नव्हे. आणि स्वतःचं नाव, ऑफिस, हुद्दा गेटावर कधीच सांगायचा नाही. ऑफिसचं नाव काढलं की लोक आपल्याला हवं ते बोलतात, खरं ते नाही, असं ते म्हणायचे. उत्तरं परत येताना रिक्षात बसून जुन्या पाकिटांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचे. ती पाकिटं फाइलला टाचलेली असायची आणि आमचे साहेब ती बघून कपाळाला हात लावायचे.

दुसरं खूळ बैठकीच्या दिवशीचं. सकाळी साडेनऊला, हॉल झाडून झाला की गेटवाले आत जाऊन अकराच्या अकरा खुर्च्यांवर पाळीपाळीने बसायचे. प्रत्येकीवर मिनिटभर. इथून काय दिसतं ते बघतो, म्हणायचे. नोकरीला लागण्यापूर्वी ते फिटरचं काम शिकले होते, त्यामुळे खिशात घडीची फूटपट्टी कायम. शेवटची खुर्ची, म्हणजे शिकणाऱ्यांच्या प्रतिनिधीची, बरोबर खांबाच्या मागे यायची. तिथून अध्यक्ष दिसत नाहीत आणि अध्यक्षांना ती दिसत नाही. गेटवाले पट्टी लावून ती वीतभर डावीकडे सरकवायचे. शिपाई पाण्याच्या बाटल्या मांडायला आला की रांग वाकडी दिसते म्हणून पुन्हा जागच्या जागी ढकलायचा. माझ्या डोळ्यांदेखत हे चार वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांना त्याबद्दल एक शब्द कधी विचारला नाही.

गेटावर जायचं खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, कल्याणजवळ मोहने गावात गेलो होतो तेव्हा, चहाच्या टपरीवर. त्यांचे वडील तिकडच्याच एका कारखान्यात होते, नाव त्यांनी घेतलं नाही. वडील निवृत्त झाल्यावर एका सत्काराला गेले. स्टेजवर एका माणसाला शाल-नारळ दिला आणि माइकवर सांगितलं की यांनी अकरा वर्षं कामगारांचे प्रतिनिधी म्हणून काम पाहिलं. वडिलांनी शेजारच्याला विचारलं, हे कोण? शेजारच्यालाही माहीत नव्हतं. दोघेही त्याच अकरा वर्षांतले कामगार. गेटवाले हे सांगताना चिडले वगैरे नव्हते, चहा गार झाला म्हणून टपरीवाल्याला दुसरा करायला सांगत होते.

आता माझा पराक्रम सांगते, कारण तो टाळून पुढे जाता येत नाही.

गेटवाल्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवडे रजेवर गेले. त्याच वेळी कामगारांच्या बाजूची एक जागा रिकामी झाली आणि शहाडकडच्या एका संघटनेचं पत्र आलं. छापील लेटरहेड, गोल शिक्का, सगळं झकास. साहेबांना बैठकीच्या आधी जागा भरायची घाई. शहाडला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार, शिवाय उन्हाळा. मी काय केलं, लेटरहेडवरच्या नंबरावर फोन लावला. ज्याचं नाव होतं तोच बोलला. मॅडम, इथे कुणालाही विचारा, मला पोरगं पोरगं ओळखतं, म्हणाला. मी फाइलवर लिहिलं, खातरजमा केली. सही ठोकली.

पहिल्याच बैठकीत हा माणूस उठला आणि कल्याणच्या केंद्रातला सायंकाळचा वर्ग बंद करा म्हणाला. कामगार दमून येतात, त्यांना विश्रांती हवी, मशिनरी उगाच झिजते. कामगारांचा प्रतिनिधीच असं म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता हा सायंकाळचा वर्ग म्हणजे काय, तर कारखान्यात हेल्पर म्हणून राबणारी माणसं शिफ्ट सुटल्यावर तिथे येऊन फिटरचं, वायरमनचं काम शिकतात. सर्टिफिकेट हातात आलं की हेल्परचा फिटर होतो आणि फिटरसारखा पगार मागतो. दिवसाच्या वर्गाला ही माणसं येऊच शकत नाहीत. वर्ग बंद म्हणजे जन्मभर हेल्पर.

गेटवाले काळा चष्मा लावून कामावर परत आले, बैठकीचं इतिवृत्त वाचलं, माझी सही बघितली. म्हणाले, बाई, चला. शहाडला त्या गेटावर आम्ही दोघं उभे राहिलो. पहिल्याने ओळखलं नाही. दुसऱ्याने ओळखलं नाही. तिसरा म्हणाला, प्रतिनिधी कुठला, तो आमचा ठेकेदार, आम्हाला इथे त्यानेच लावलंय. गेटवाल्यांनी तीन कंगवे घेतले, त्यातला एक मला दिला. येताना रिक्षात मी रडले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. उल्हास नदीचा पूल येईपर्यंत ते बाहेर बघत होते. मग एवढंच म्हणाले, पाहण्यात आणि ऐकण्यात चार बोटांचं अंतर असतं, आणि फोनला तर डोळेच नसतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टिप्पणी लिहायला बसवलं. माझ्या हाताने मी लिहिलं की खातरजमा फोनवर केली होती, ती चुकीची निघाली. त्याखाली त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं की कनिष्ठांना काम शिकवणं ही माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेले असताना. दोघांनाही मेमो आला. साहेब आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पण नेमणूक रद्द झाली, विषय पुन्हा मंडळापुढे आला आणि सायंकाळचा वर्ग वाचला. वर्गातल्या एकालाही हे कधी कळलं नाही.

ते निवृत्त झाले, मी त्यांच्या टेबलावर बसले. कंगवे त्यांनी नेले नाहीत. दर मंगळवारी दुपारी फोन यायचा. काय नवीन? कुणाचं नाव आलंय? गेटावर कोण गेलं होतं? मला कधी कधी वैताग यायचा. कामाच्या गडबडीत कोण रोज गेट गेट करणार? पण एखादा मंगळवार फोन आला नाही की मीच करायचे.

आणि मग एक दिवस कल्याणच्या केंद्राचं पत्र आलं. शिकणाऱ्यांच्या प्रतिनिधीची मुदत संपत होती आणि प्राचार्यांनी नाव सुचवलं होतं ते गेटवाल्यांचं. निवृत्त माणूस चालतो, नियमात बसतो. मला इतका आनंद झाला की मी शिपायाला जिलबी आणायला पाठवलं.

दोन दिवसांनी ते स्वतः ऑफिसात आले. मी बघतच राहिले. चाळीस वर्षं चुरगळलेल्या शर्टात वावरलेला माणूस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. बसले, पाणी प्यायले, साहेबांची चौकशी केली. निघताना टेबलाला धरून उभे राहिले.

"बाई, नाव माझं आहे म्हणून सवलत द्यायची नाही. तीन जणांना विचारून या," म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण खुर्ची मिळाली तर बरं वाटेल."

त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, सर, तुम्ही काळजीच करू नका.

त्या गुरुवारी साडेपाचला मी कल्याणच्या केंद्राच्या गेटावर गेले. मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवला होता. मनात म्हटलं, दहा मिनिटांचं काम. पहिला एक तिशीतला हेल्पर, अजून कारखान्याच्या कपड्यांत. फोटो बघून म्हणाला, इन्शुरन्सवाले का? दुसरी एक वायरमनचं शिकणारी बाई. तिने फोटो मोठा करून बघितला आणि मान हलवली. तिसऱ्याने नाव दोनदा विचारलं आणि नाही म्हणाला. मी घाबरले. चौथ्याला विचारलं, पाचव्याला विचारलं. खरं तर हे नियमात बसत नव्हतं. कुणीच ओळखत नव्हतं.

बाजूला चादरीवर कंगवे मांडून बसलेला माणूस माझा तमाशा बघत होता. त्याने फोटो मागितला. म्हणाला, "हे टकलू काका ना? वर्षानुवर्षं कंगवा घेतात माझ्याकडून. नाव नाही माहीत." मी त्याला तिसरा प्रश्न विचारलाच. काय विचारायचे ते तुम्हाला? तो म्हणाला, "नेहमी एकच. इथल्या पोरांसाठी बोलणारा तो माणूस इथे कधी दिसतो का?"

मला तिथे गेटावर हुंदका आला. ज्या वर्गासाठी त्या माणसाने मेमो खाल्ला त्या वर्गात त्याला कुणी ओळखत नाही, आणि ओळखणारा एकटा कंगवेवाला. पण तो तिघांत धरता येत नव्हता, तो शिकणारा नव्हता.

जाता जाता त्या वायरमनच्या बाईला मी विचारलं, मग तुमच्या बाजूने बोलायला कोण चालेल? तिने विचारसुद्धा केला नाही. स्टोअरमधल्या रोझीबाई, म्हणाली. बाकीच्यांनीही तेच नाव घेतलं. रोझीबाई म्हणजे केंद्रात हत्यारं देणारी, परत घेणारी बाई. काय विचारतात त्या? शिफ्ट वेळेवर सुटली का, आणि काही खाल्लं का. उशीर झालेल्यांसाठी त्या स्टोअर उघडं ठेवतात, असं तिघांनी सांगितलं.

आठवडाभर ती फाइल माझ्या टेबलावर होती. दोन नावं लिहायला दोन मिनिटं लागली असती. कोण बघायला येणार होतं? आणि खोटं तरी काय होतं त्यात? त्यांच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात शोधून सापडला नसता. मी पेन उचलायची आणि ठेवायची. रविवारी सरळ त्यांच्या घरी गेले, कल्याणला. सुनेने दार उघडलं, जय भीम म्हणाली, चहा टाकला. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कॉटवर ते बसले होते आणि समोर पाकिटांची चळत. पहिल्या बैठकीत विचारायचे प्रश्न पेन्सिलीने लिहून काढले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर."

ते पहिल्यांदा हसले. खरंच हसले, कारण मग म्हणाले, मी त्यांना नाव कधी सांगितलंय? मग हसणं थांबलं आणि बराच वेळ ते हातातली पेन्सिल बघत बसले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, मी दोन नावं लिहिते, मी सही करते, कुणाला कळणार नाही.

"बाई," ते म्हणाले, "मग शहाडच्या त्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

चहा आला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, मग कुणाला ओळखतात? मी रोझीबाईंचं सांगितलं. काय विचारतात त्या, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पाकिटं गोळा करून रबर लावून माझ्या हातात दिली. म्हणाले, त्यांना द्या, काही उपयोगाचं असेल तर बघतील.

प्राचार्यांनी आधी नाक मुरडलं. स्टोअरकीपर मंडळावर? मग नाव पाठवलं. आदेश निघायला दोन महिने लागले.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी लवकर गेले, तर गेटवाले जिन्यात उभे. तोच इस्त्रीचा शर्ट. हॉल उघडता का म्हणाले, मी उघडला. बाकीच्या दहा खुर्च्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ खांबामागच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून. मिनिटभर म्हणता म्हणता पाच मिनिटं झाली असतील. मी दारात उभी होते. मी घड्याळ बघितलं नाही.

मग उठले, खिशातून पट्टी काढली आणि खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली. त्यांना अध्यक्ष दिसले पाहिजेत, म्हणाले. शिपाई बाटल्यांचा ट्रे घेऊन आत आला होता. त्याने सरकवलेली खुर्ची बघितली, गेटवाल्यांकडे बघितलं, बाटल्या मांडल्या आणि खुर्चीला हात न लावता निघून गेला.

ते खाली उतरत होते तेव्हा रोझीबाई वर येत होत्या. नवी साडी, हातात पर्स आणि रबर लावलेली पाकिटं. अरुंद जिना. ते भिंतीला लागून उभे राहिले आणि त्यांना जायला वाट दिली. रोझीबाई थँक्यू म्हणाल्या आणि वर आल्या. वर आल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

मी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. आणि त्यांच्या नीट लक्षात राहावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.